स्वस्तातला वुड लेथ घ्यावा का? रंग नंतर बघा, आधी स्पिंडल बघा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एकाने स्वस्तातला नवा वुड लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, हेरून ठेवलाय, जाहिरातीत लिहिलंय १ एचपी मोटर, १४ इंच स्विंग (म्हणजे जास्तीत जास्त एवढ्या व्यासाचं लाकूड फिरतं), दोन सेंटरमध्ये, म्हणजे लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये, ४० इंच, पुलीवर चार स्पीड, सगळ्यात कमी ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), बेड, म्हणजे खालचा लांब सांगाडा, पाइपचा. करायचं काय तर खुर्चीचे पाय, पटाशीचे दांडे, आणि पुढेमागे मोठे लाकडी बाऊल. तेवढ्याच पैशात एक जुना, बिडाचा, आखूड लेथही मिळतोय. कुठला घ्यावा आणि घेताना नेमकं बघायचं काय?

पाय आणि दांडे एवढंच करायचं असेल तर नवा पाइपवाला चालून जाईल, म्हणजे खाली सांगतो त्या दोन-तीन गोष्टी ठीक निघाल्या तर. मोठ्या बाऊलसाठी तो घेऊ नका. हे मी कंजूषपणाने किंवा मोठेपणाने म्हणत नाहीये, माझा स्वतःचा पहिला लेथ असाच पाइपवाला होता आणि त्यावर मी दोन वर्षं काढलीत, भरपूर शिकलो, आणि एकदा १० इंची ठोकळा चकमधून (लाकूड जबड्यांत पकडणारी चकती) सुटून कानाजवळून गेला तेव्हा त्याच्यावर बाऊल करणं बंद केलं.

स्वस्त लेथमध्ये खोट असणारच, ती आहे की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की ती खोट कानशीने, पत्र्याच्या पॅकिंगने, एखाद्या बेअरिंगने सुटणारी आहे का जन्माची आहे. टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, खडबडीत आहे, हँडल प्लास्टिकचं आहे, रंग पोपडलाय, बेल्टला भेगा पडल्यात, हे सगळं एका रविवारचं काम. पण स्पिंडलचे आटे भलतेच निघाले किंवा बेडच लवचिक निघाला तर त्याला औषध नाही. आणि गंमत अशी की बघायला गेलेला माणूस नेमका पहिल्या प्रकारच्या गोष्टींवर नाक मुरडतो आणि दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी बघतच नाही.

तर स्पिंडल. हेडस्टॉकमधून, म्हणजे डाव्या बाजूच्या फिरवणाऱ्या डोक्यातून, जो फिरणारा दांडा बाहेर येतो तो. त्याच्यावर बाहेरून आटे हवेत आणि आतून टेपर, म्हणजे निमुळतं भोक, हवं. स्वस्त लेथमध्ये कित्येकदा ड्राइव्ह सेंटर, म्हणजे लाकडात रुतणारं ते काटेरी टोक, स्पिंडलवरच पिन मारून कायमचं बसवलेलं असतं किंवा कंपनीने स्वतःच्या मनाने काहीतरी आटे पाडलेले असतात. असा लेथ फुकट मिळाला तरी विचार करा, कारण उद्या चक घ्यायला गेलात तर तो त्याच्यावर चढणारच नाही, आणि चक नसेल तर लेथवर जी मजा आहे त्यातली निम्मी गेली. जगभर जे माप चालतं ते साधारण तीन: १ इंच ८ टीपीआय (इंचाला आठ आटे), पाऊण इंच १६ टीपीआय, आणि एम३३ बाय ३.५ (३३ मिमी व्यास, दोन आट्यांत ३.५ मिमी अंतर). यातली सोय अशी की हे तिन्ही आटे साध्या नटबोल्टच्या स्टँडर्डमध्येही आहेत, १ इंच यूएनसी (जाड आट्याचा) नट म्हणजे ८ टीपीआयच, पाऊण इंच यूएनएफ (बारीक आट्याचा) म्हणजे १६, आणि एम३३ चा नेहमीचा जाड आटा ३.५ चाच. म्हणून लेथ बघायला जाताना मी खिशात नट घेऊन जातो. हाताने फिरवला आणि तळापर्यंत अलगद गेला तर अर्धी लढाई जिंकली. दोन आट्यांनंतर अडकला तर जोर करू नका, एकतर माप वेगळं आहे नाहीतर आटे मार खाल्लेले आहेत.

आतला टेपर मोर्स टेपर (ठरलेल्या मापाचा, थोडक्यात एमटी) असावा, एमटी२ असेल तर उत्तम, त्याच्या तोंडाचा व्यास साधारण १७.८ मिमी असतो. एमटी१ म्हणजे १२ मिमीच्या आसपास, चालतो, पण ॲक्सेसरी कमी मिळतात आणि जड कामात सेंटर आतल्या आत फिरून टेपर खरवडला जातो. टेपरमध्ये करंगळी घालून फिरवून बघा, गुळगुळीत लागला पाहिजे. ओरखड्याची धार बोटाला लागली तर समजा आधीच्या मालकाने सेंटर आत फिरवलंय. स्पिंडल आरपार पोकळ आहे का तेही बघा, मागून रॉड घालून सेंटर ठोकून काढता येतं, नाहीतर पाना लावून ओढत बसावं लागतं.

आता त्या ८०० आरपीएमबद्दल, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठी फसगत मला इथेच दिसते. कातारी लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे: व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमने गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये राहिलं पाहिजे. खडबडीत, तोल न साधलेला ठोकळा असेल तर ६००० च्या बाजूला किंवा त्याच्याही खाली, गोल झाल्यावर वर जायचं. तुमचा लेथ ८०० च्या खाली येतच नाही, म्हणजे ६००० भागिले ८००, साडेसात इंच. यापेक्षा मोठा ठोकळा तुम्ही त्याच्यावर सुरक्षितपणे गोल करायला सुरुवातच करू शकत नाही. मग तो १४ इंच स्विंग कशाला मिरवायचा? आणि तो स्विंगही बेडवरचा, टूलरेस्ट ज्या सरकत्या पायावर बसतो तो बॅन्जो मध्ये आला की आणखी दोन-तीन इंच गेले.

हे नियमाला नियम म्हणून सांगत नाहीये, यामागचा जोर किती असतो ते बघा. १२ इंची ओला ठोकळा, चार इंच जाड, सहज सात किलोच्या घरात जातो. समजा एका कडेला गाठीमुळे किंवा सालीमुळे फक्त २०० ग्रॅम जास्त आहे. ८०० आरपीएमला ते २०० ग्रॅम साधारण २१-२२ किलोच्या जोराने लेथला बाहेर ओढतात, एकदा वर, एकदा तुमच्याकडे, एकदा खाली, सेकंदाला तेरा वेळा. तेच ४०० आरपीएमला केलंत तर जोर निम्मा नाही होत, चौथा हिस्सा होतो, पाच-साडेपाच किलो. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो ना तो. आणि ८०० ला त्या ठोकळ्याची कड ताशी ४६ किलोमीटरने चाललेली असते. माझा जो ठोकळा सुटला तो याच्यापेक्षा लहान होता, तरी मागच्या दाराच्या फळीत खड्डा पडला. खड्डा अजून आहे, बुजवला नाही मुद्दाम.

मग कोणी म्हणतं, स्पीड कमी करू की, रेग्युलेटर लावू. नाही. स्वस्त लेथवर बहुतेक सिंगल फेजची कपॅसिटरवाली इंडक्शन मोटर असते, तिला डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर लावला की वेग पडतो खरा पण तो पडल्यावर आतला सेंट्रीफ्यूगल स्विच परत जोडला जातो, स्टार्टिंगचं वाइंडिंग चालू राहतं आणि मोटर जळते. ते वाइंडिंग दोन-चार सेकंदांसाठीच केलेलं असतं. बरोबर मार्ग दोन, एकतर मध्ये अजून एक शाफ्ट टाकून पुलीने वेग उतरवायचा, किंवा मोटर बदलून थ्री फेज लावायची आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जोडायचा. दोन्ही होतं, मी दुसरं केलेलंही आहे, पण तो खर्च लेथच्या किमतीत धरून मग ठरवा तो स्वस्त आहे का.

मोटरचं लिहिलेलं एचपी वाचूच नका, पाटी वाचा. पाटीवर अँपिअर असतात. समजा २३० व्होल्टला २.२ अँपिअर लिहिलंय, तर आत जाणारी पॉवर जास्तीत जास्त ५०० वॉट झाली, त्यातून उष्णता आणि पॉवर फॅक्टरचं नुकसान वजा करायचं. १ एचपी म्हणजे शाफ्टवर ७४६ वॉट. जेवढं आत जातच नाही तेवढं बाहेर येणार कुठून? अशी मोटर मी अर्धा एचपीच्याही खालीच धरतो. त्यात वाईट काही नाही, खुर्चीच्या पायाला अर्धा एचपी पुरतो, फक्त जास्त खोल काप घेतला की बेल्ट घसरेल, आणि नवशिक्यासाठी बेल्ट घसरणं ही तर देवाची कृपा आहे, हत्यार अडकल्यावर मोटर दमली पाहिजे, तुमचं मनगट नाही.

इलेक्ट्रॉनिक स्पीडचा लेथ दाखवत असतील, नॉब फिरवायचा वाला, तर एक बघा: नॉबबरोबर पुलीच्या दोन-तीन पायऱ्याही आहेत का. नुसत्या नॉबने वेग कमी केला तर मोटरची ताकदही कमी होते, ३०० आरपीएमला लाकूड हाताने धरून थांबवता येईल इतकी. पुली असेल तर खालच्या पायरीवर टॉर्क मिळतो. आणि त्या लेथमध्ये सगळ्यात आधी जाणारी गोष्ट म्हणजे तो सर्किट बोर्ड, तेव्हा तो सुटा मिळतो का हे आधी विचारून ठेवा.

पाइपच्या बेडवर लोक फार तुटून पडतात, मी तेवढा नाही पडत. दोन सेंटरमध्ये लांब काठी फिरवायची असेल तर वजन कमी, तोल बरा, पाइप निभावून नेतो. त्रास होतो तो कंपनाचा. बीड कंपन गिळतं, पाइप ते वाजवतो, अक्षरशः वाजवतो, रिकामा शेडमध्ये चालू केला की बासरी नाही तर भोंगा तरी वाटतो. माझ्या जुन्या लेथच्या स्टँडखाली मी फळी ठोकून त्यावर वाळूची पोती ठेवली होती, साठ-सत्तर किलो, आणि पहिल्या दिवशी वाटलं हा वेगळाच लेथ आहे. ही सुधारणा जवळजवळ फुकट आहे. मात्र बेड पीळ खाणारा असेल तर वाळूने काही होत नाही. तपासायची पद्धत: दोन सेंटरमध्ये दोनेक फुटाचा चौकोनी दांडा पक्का धरा, मशीन बंद, आणि मधोमध हात घालून स्वतःकडे जोरात ओढा. लाकूड थोडं वाकणारच, ते सोडा, नजर हेडस्टॉकच्या पायावर ठेवा. पाया बेडवर हलताना दिसला, किंवा हेडस्टॉक मान वळवल्यासारखा फिरला, तर नमस्कार करून निघा.

दुसरी पद्धत चालू लेथवर. लाकूड न लावता सगळ्यात वरच्या स्पीडला चालवा आणि बेडवर एक नाणं कडेवर उभं करा, पाइपच्या बेडवर सपाट जागा नसेल तर हेडस्टॉकवर. उभं राहिलं तर फारच छान, मी स्वस्त लेथवर ते क्वचितच बघितलंय. लगेच पडलं तरी घाबरू नका, बेल्ट काढा आणि नुसती मोटर चालवा. तरी पडत असेल तर दोष मोटरचा किंवा तिच्या पुलीचा, म्हणजे सुटण्यासारखा. बेल्ट काढलेलाच आहे तर स्पिंडल हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, ते बाजारात नंबरवर मिळतं, भाव पाडायला कामाला येतं. मग स्पिंडलचं टोक धरून वर-खाली, पुढे-मागे हलवा, टकटक लागली तर आधी मागचा नट आवळून बघायला सांगा, पुष्कळदा तेवढंच असतं. डायल इंडिकेटर (बारीक फरक मोजायचं घड्याळी माप) असेल तर टेपरच्या आत टेकवून हळू फिरवा, ०.०५ मिमीपर्यंत लाकडाला काही फरक पडत नाही. ०.३ वगैरे निघालं तर स्पिंडल वाकलेलं आहे, आणि ते बेअरिंगने जाणार नाही.

टेलस्टॉकचं, म्हणजे समोरच्या सरकत्या आधाराचं, टोक हेडस्टॉकच्या टोकाला जुळतं का, ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यावरच लोक चांगले लेथ सोडून येतात. एका मित्राबरोबर जुना बिडाचा लेथ बघायला गेलो होतो, साधारण तुमच्यासारखाच. त्याने टेलस्टॉक सरकवत आणला, दोन्ही टोकं समोरासमोर, आणि वरखाली चांगला अर्धा मिलिमीटर फरक. लगेच मला कोपर मारलं, चल म्हणे, गेलेला आहे. विकणारे काका शांतपणे बघत होते, म्हणाले, ‘अहो, तो खालून पुसा की जरा.’ आम्ही टेलस्टॉक बेडवरून काढून उलटा केला. पायाला भुसा आणि चीक मिळून एक काळी, काचेसारखी खपली बसली होती, वर्षानुवर्षांची, नखाने निघेना. पटाशीच्या पाठीने खरवडली, रॉकेलच्या बोळ्याने पुसली, परत बसवला. टोकं अशी जुळली की मध्ये कागद धरला तर दोन्हीकडून एकच भोक. मित्राने भावसुद्धा नीट पाडला नाही लाजेखातर.

आणि समजा नसती जुळली, तरी काय? दोन सेंटरमध्ये धरलेलं लाकूड त्या दोन टोकांमधल्या रेषेभोवतीच फिरतं, रेषा थोडी तिरकी असली तरी लाकूड गोलच होतं. लोखंडाच्या लेथवर असं झालं की काम निमुळतं येतं कारण तिथे हत्यार बेडला समांतर सरकतं, इथे हत्यार तुमच्या हातात आहे, तुम्ही डोळ्याने कापता. फरक पडतो तो टेलस्टॉकमध्ये ड्रिल लावून भोक पाडताना, ते भोक मोठं आणि वाकडं येतं, आणि चकमध्ये धरलेल्या कामाला मागून आधार देताना. पेन करायचे असतील तर जुळणी कडक हवी. खुर्चीच्या पायाला एक मिलिमीटर माफ.

मला टेलस्टॉकमध्ये याच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याचं लॉक. आवळा, आणि क्विलचं (टेलस्टॉकमधून पुढे येणाऱ्या नळीचं) चाक फिरवून लाकडावर दाब द्या. टेलस्टॉक मागे सरकतोय का बघा. माझ्या पहिल्या लेथचा सरकायचा, दर पाच मिनिटांनी काठी ढिली व्हायची, काटेरी टोक लाकडात नुसतं फिरून तिथे गोल खड्डा करायचं. शेवटी मी टेलस्टॉकच्या मागे बेडला सुताराचा क्लॅम्प लावला. दिसायला गबाळं, पण दोन वर्षं तेच चाललं.

टूलरेस्टला एकच गोष्ट, वरची कड सपाट कानशीने घासा आणि मेण लावा. नव्या लेथवरसुद्धा. हत्यार मध्येच अडखळतं तेव्हा नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे, हात नाही, कड वाईट असते. हां, टूलरेस्टचा दांडा किती जाड आहे ते मोजून घ्या, म्हणजे पुढे चांगला रेस्ट विकत घेताना अंदाज राहील.

लेथबरोबर हत्यारांचा सेट फुकट देतो म्हणाले तर त्या सेटची किंमत शून्य धरा. बहुतेकदा कार्बन स्टील असतं, ग्राइंडरवर थोडं जास्त टेकलं आणि धार निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, मग ते दोन मिनिटांत बोथट. एचएसएसला (हायस्पीड स्टील) तेवढी काळजी नाही लागत. सहा हत्यारांच्या सेटपेक्षा दोन एचएसएस बरी, एक स्पिंडल गौज (पन्हाळीसारखी पटाशी) आणि एक पार्टिंग टूल (लाकूड कापून वेगळं करायचं अरुंद हत्यार), बाऊलला लागलात की बाऊल गौज. त्यांना धार लावायला ग्राइंडर आणि कोन धरायचा जिग, एक चार जबड्यांचा चक, आणि तोंडभर फेसशील्ड, नुसता चष्मा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, बाही सैल नको. हा सगळा ऐवज मिळून लेथएवढा खर्च सहज होतो, कधी त्याहून जास्त. म्हणून सगळे पैसे लेथमध्ये ओतू नका, आणि नेमकं याच कारणासाठी चक बसेल असं स्पिंडल हवं, लेथ विकलात तरी चक आणि हत्यारं पुढच्या लेथवर येतात.

तुमच्या प्रश्नावर परत. तुम्हाला पाय हवेत, ४० इंच लांबी मोहात पाडतेय, पण खुर्चीचा पाय दीड फुटाच्या आसपास असतो, तो आखूड बिडाच्या लेथवरही मावेल, मोजून बघा. त्या जुन्याचा स्पिंडल नट घेणारा असेल, टेपर गुळगुळीत असेल, सगळ्यात कमी स्पीड ५०० च्या आसपास असेल, तर मी डोळे झाकून जुना घेईन, बेअरिंग खरखरत असलं तरी. जाताना नट, करंगळी, नाणं आणि दोन फुटाचा दांडा घेऊन जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मशीन गार ठेवा, मी आल्यावर चालू करू. तापलेल्या ग्रीसमध्ये बेअरिंगचा आवाज लपतो. पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा स्पिंडलच्या समोर उभे राहू नका, बाजूला व्हा.